कँटनीजमध्ये ‘जरासं’, ‘दहाएक’, ‘शंभरच्या वर’ कसं म्हणतात?

लिंबूटिंबू

दोन वर्षांसाठी हाँगकाँगला जायचं आहे. ऑफिसात इंग्रजीवर भागेल, पण भाजीबाजार, चहाची दुकानं आणि टॅक्सी यांच्यापुरती कँटनीज शिकतेय. नेमके आकडे जमतात, अडतं ते मोघम बोलताना. मराठीत ‘जरासं’, ‘दोनचार’, ‘दहाएक’, ‘शंभरच्या वर’, ‘पाचदहा मिनिटं’ हे आपोआप तोंडात येतं. कँटनीजमध्ये त्याची सोय काय?

अॅपमध्ये ‘गेइ’ या एका शब्दाचे ‘काही’ आणि ‘किती’ असे दोन्ही अर्थ दिले आहेत. मग समोरचा विचारतोय की सांगतोय हे ओळखायचं कसं? शिवाय ‘दी’ आणि ‘सिउ सिउ’ या दोन्हींपुढे ‘थोडं’ एवढंच लिहिलंय. त्यांत फरक आहे का?

चिनी अक्षरं अजून येत नाहीत, म्हणून उच्चार देवनागरीत लिहिलेत तर बरं.

ओष्ठ्यतालव्य

आधी उच्चार दुरुस्त करू, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात.

तुम्ही ‘गेइ’ आणि ‘दी’ लिहिलंय ते रोमन स्पेलिंग जसंच्या तसं वाचून. हाँगकाँगमध्ये १९९३ साली तयार झालेली युतफिङ ही रोमन पद्धत बहुतेक अॅप वापरतात. तिच्यात बी, डी, जी ही अक्षरं आपल्या प, त, क साठी आहेत आणि पी, टी, के ही फ, थ, ख साठी. कँटनीजमध्ये ब, द, ग हे घोष उच्चार नाहीतच. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा प-फ, त-थ भेद कष्टाने शिकावा लागतो. आपल्याकडे तो जन्मजात आहे आणि आपण रोमन वाचून तो घालवतो! म्हणून ‘गेइ’ नव्हे ‘केइ’, ‘दी’ नव्हे ‘ती’.

त्यांचा झेड म्हणजे ‘चमचा’मधला च, ‘चार’मधला नव्हे. त्यांचा सी म्हणजे त्याच च मध्ये हकार मिसळून. खाली मी छ लिहितोय तो असा वाचा. फ मात्र ओठ मिटून, ‘फळ’सारखा, ‘फॅन’सारखा केलात तर तो वेगळा वर्ण होतो. शेवटचे प, त, क तोंडातच अडवायचे, सोडायचे नाहीत. ‘ल्योङ’ लिहिलंय तिथे य म्हणू नका. ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणा, तो स्वर हवा आहे.

अक्षरापुढचा आकडा सुराचा: १ उंच सपाट, २ वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ तळाशी उतरणारा, ५ खालच्या पट्टीत किंचित चढणारा, ६ खालचा सपाट. हे वरवरचं नाही. सिउ२ म्हणजे थोडं, सिउ१ म्हणजे भाजलेलं, सिउ३ म्हणजे हसणं.

मापटं

वरचीच लेखनपद्धत वापरते.

केइ२ पासून सुरुवात करू. ‘काही, थोडे’ या अर्थी तो मोजता येणाऱ्या वस्तूंना लागतो, आणि त्याच्या नि नामाच्या मध्ये मोजशब्द (आकड्यानंतर येणारा को३सारखा शब्द) हवाच. केइ२ को३ यन४ म्हणजे काही माणसं. को३ गाळून केइ२ यन४ म्हटलंत तर वाक्य लंगडतं. साधारण तीनपासून नऊपर्यंतची संख्या डोळ्यांसमोर असते.

प्रश्न की विधान, हे बहुतेकदा वाक्याच्या शेपटीवरून कळतं. यउ५ केइ२ को३ यन४ आ३, असा शेवटी आ३ आला आणि समोरचा तुमच्याकडे बघत थांबला, की ‘किती माणसं आहेत?’ शेपूट नसेल तर ‘काही माणसं आहेत’. तुम्हाला स्वतःला विचारायचं असेल तर सरळ केइ२ तो१ वापरा, तो ‘किती’च असतो: केइ२ तो१ छिन२, किती पैसे. आणि विधानच आहे हे ठसवायचं तर साम१ केइ२ को३ म्हणा. शब्दशः ‘तीन-काही’, आपल्या ‘तीनचार’च्या जवळचं. होउ२ केइ२ को३ म्हटलं की ‘बरेच, चांगले पाचसहा तरी’.

आता खरी गंमत. केइ२ ची जागा बदलली की किंमत बदलते.

सप६ केइ२ म्हणजे दहाच्या पुढे काही, अर्थात ११ ते १९. केइ२ सप६ म्हणजे काही दहा, अर्थात वीसतीसपासून नव्वदपर्यंत कुठेही. दुकानदार सप६ केइ२ मन१ म्हणाला तर वीस डॉलरची नोट पुरते. केइ२ सप६ मन१ म्हणाला तर शंभराची काढा. (मन१ म्हणजे बोलीतला डॉलर.) विशीतल्या आकड्यांना या६ केइ२ ऐकू येईल, या६ हे वीसचं आखूड रूप.

शंभरालाही हाच नियम. पाक३ केइ२ मन१ म्हणजे शंभरच्या वर, दोनशेच्या आत. यातला ‘एक’ बोलताना गाळतात. केइ२ पाक३ मन१ म्हणजे काही शे.

वेळेत हे जास्त झोंबतं. को३ केइ२ चुङ१ म्हणजे एक तास आणि वर काही. केइ२ को३ चुङ१ म्हणजे कित्येक तास. अक्षरं तीच, पण नळ दुरुस्त करणाऱ्याने यातलं काय म्हटलं यावर तुमची दुपार ठरते. को३ पुन३ चुङ१ म्हणजे दीड तास, ल्योङ५ को३ पुन३ चुङ१ अडीच. दीड-अडीचला आपल्यासारखे स्वतंत्र शब्द नाहीत, पण ‘एक’ गाळून नुसतं को३ म्हणायची लकब आहे. पैशांतही तेच: को३ केइ२ म्हणजे डॉलर आणि वर काही सेंट, साम१ को३ पुन३ म्हणजे साडेतीन डॉलर. सुटे पैसे जोडले की मन१ जातो आणि त्याच्या जागी को३ येतो.

विशेषणाआधी केइ२ आला तर ‘थोडं’ मुळीच नाही. केइ२ लात६ म्हणजे ‘बऱ्यापैकी तिखट’. ‘कमी तिखट’ समजून मान डोलावलीत तर जेवताना कळेल. ‘फारसं तिखट नाही’ला म्४ हइ६ केइ२ लात६.

ती१ आणि सिउ२ सिउ२. ती१ म्हणजे अनिश्चित प्रमाण. कमीच असा आग्रह त्यात नाही. पेइ२ ती१ सेउइ२ ङो५ (मला पाणी दे) म्हटलंत तर पूर्ण पेला मिळेल, आणि ते बरोबरच आहे. सिउ२ सिउ२ मध्ये कमीपणावर बोट आहे: पेइ२ सिउ२ सिउ२ सेउइ२ ङो५, म्हणजे जरासंच. सुरुवातीला म्४ कोइ१ जोडा. हा ‘कृपया’ही आहे नि ‘आभार’ही.

ती१ ला मोजशब्द लागत नाही, तो स्वतःच त्या जागी बसतो. ती१ को३ ही नवशिक्यांची नेहमीची चूक. वाक्याच्या सुरुवातीला नामाआधी आला तर तो ‘ते सगळे, आपण बोलत होतो ते’ असाही अर्थ देतो, तेव्हा प्रमाणाचा संबंधच उरत नाही. विशेषणाच्या मागे लागला की तुलना होते: फेङ४ ती१ म्हणजे आणखी स्वस्त (करा), फाइ३ ती१ (हा फ मात्र ‘फॅन’मधला) म्हणजे लवकर. ‘किंचितच महाग’ म्हणायचं तर क्वइ३ सिउ२ सिउ२.

विशेषणाआधी यउ५ ती१ लावलं की ‘जरा, काहीसं’ होतं, पण बहुधा न आवडलेल्या गोष्टीसाठी: यउ५ ती१ लात६, जरा तिखटच आहे. कौतुकाआधी ते विचित्र वाटतं. नामाआधी अशी छटा नसते, यउ५ ती१ यन४ म्हणजे नुसतं ‘काही लोक’.

‘एवढुस्सं’ला तित१ कम३ तो१ किंवा ती१ कम३ तो१. शब्दशः ‘थेंबाएवढं जास्त’ असं उलटं वाटेल, पण कम३ तो१ म्हणजे इथे ‘इतकं’. आकाराने चिमुकलं असेल तर तित१ कम३ ताइ१. आणि ‘अजिबात नाही’साठी यत१ ती१ तोउ१ म्४ अमुक: यत१ ती१ तोउ१ म्४ लात६, जराही तिखट नाही. आपल्या ‘एक थेंबही’सारखंच, कमीत कमी प्रमाण घेऊन तेही नाकारायचं.

बाजारहाट

चहा नि वजनं राहिली.

छा छान थेङ, म्हणजे तिथली चहा-नाश्त्याची दुकानं. इथे सिउ२ एकदाच म्हणायचा आणि तो ‘नेहमीपेक्षा कमी’. तुङ३ नाइ५ छा४, सिउ२ थिम४: थंड दुधाचा चहा, साखर कमी. सिउ२ पिङ१: बर्फ कमी. अजिबात नको असेल तर चउ२ लावा: चउ२ थिम४, चउ२ पिङ१, आणि चउ२ छेङ१ म्हणजे वरून कांद्याची पात-कोथिंबीर नको. गरम चहाची साखर बहुधा टेबलावर ठेवलेली असते, म्हणून हे बोलायची पाळी मुख्यतः थंड पेयांत येते. त्यांत ती आधीच घातलेली असते. एक अपवाद लक्षात ठेवा: छा४ चउ२ म्हणजे ‘चहा नको’ नाही. तो बाष्पित (आटवलेलं, बिनगोड) दूध आणि साखर यांऐवजी गोड आटीव दूध घातलेला चहा. गोड लागतो.

थिम४ मधला थ नीट काढा. तिम२ म्हणजे घड्याळातलं ‘वाजता’.

बाजारात पाटीवरचा भाव बहुतेकदा कन१ चा असतो. हाँगकाँगच्या कायद्याने हा सुमारे ६०४.८ ग्रॅम, आणि त्याचे १६ ल्योङ२, म्हणजे एक ल्योङ२ साधारण ३७.८ ग्रॅम. शेराचे सोळा छटाक ऐकलेल्यांना हिशोब ओळखीचा वाटेल, फक्त शेर याहून बराच मोठा, ९३३ ग्रॅमच्या आसपास. पाव कन१ म्हणजे सेइ३ ल्योङ२, दीडशे ग्रॅम. आलं, मिरच्या, लसूण अशा किरकोळ वस्तूंना हेच माप बरं: म्४ कोइ१, सेइ३ ल्योङ२. दीड कन१ ला कन१ पुन३, अर्ध्याला पुन३ कन१. क्रम उलटला की तिप्पट माल पिशवीत!

हद्द ओलांडून ग्वांगचौला गेलात तर शब्द तेच, वजन वेगळं: तिथला कन१ ५०० ग्रॅमचा आणि ल्योङ२ दहा, प्रत्येकी ५० ग्रॅम. मकाऊत हाँगकाँगसारखंच.

आता सुराचा सापळा. ल्योङ५ म्हणजे दोन, ल्योङ२ म्हणजे वरचं वजन. ‘दोन ल्योङ’ मागताना मात्र ल्योङ५ ल्योङ२ म्हणत नाहीत, तिथे दोनला यी६ येतो: यी६ ल्योङ२.

वजनाची कटकट नको असेल तर पैशावर मागा. ‘दहाची कोथिंबीर द्या’ ही पद्धत तिथेही चालते: सप६ मन१ आणि बोट दाखवा. भाजी बरी घेतलीत तर सुङ३ तिउ४ छुङ१, एखादी कांद्याची पात वरून फुकट मिळते. कढीपत्त्याच्या काडीची ती सख्खी बहीण.

अधिकउणे

मापटं यांनी ‘दहाएक’ला शब्दच दिला नाही. तो लेङ४. सप६ लेङ४ को३ म्हणजे दहाएक, पाक३ लेङ४ मन१ म्हणजे शंभरएक. आकडा, मग लेङ४, मग मोजशब्द, असाच क्रम. पण आपला ‘दहाएक’ नऊलाही चालतो, लेङ४ चा कल वरच्या बाजूला असतो: दहा किंवा थोडे जास्त. केइ२ शी तुलना केली तर सप६ केइ२ अठरालाही चालेल, सप६ लेङ४ तितका लांब जात नाही.

हाच शब्द पूर्ण आकड्यात शून्य म्हणून येतो तेव्हा उच्चार लिङ४ होतो: पाक३ लिङ४ साम१ म्हणजे १०३. आणि ते लिङ४ गाळलंत तर पाक३ साम१ म्हणजे १३०! आपल्या ‘एकशेतीन’च्या सवयीने हमखास इथे पाय घसरतो. छिन१ यी६ हे तसंच १२००.

खालीवर दोन्हीकडे चालेल असं अंदाजी हवं असेल तर आकड्यानंतर चो२ यउ२ किंवा आकड्याआधी छा१ म्४ तो१ लावा. पण छा१ म्४ तो१ मध्ये ‘जवळपास तेवढे, कदाचित किंचित कमीच’ अशी छटा असते. घड्याळाच्या वेळेला मागे तोउ२ लावतात: साम१ तिम२ तोउ२, तीनच्या सुमारास. साम१ तिम२ केइ२ मात्र तीननंतरच.

जोडआकड्यांबद्दल सावध करतो. मराठीत आपण मधला आकडा गाळून ‘दोनचार’, ‘पाचदहा’, ‘दहाबारा’ म्हणतो. कँटनीजमध्ये बहुधा लागोपाठचे घेतात: यत१ ल्योङ५ को३ (एकदोन), ल्योङ५ साम१ को३, साम१ सेइ३ को३. ‘दोनचार’चं शब्दशः भाषांतर करू नका, साम१ केइ२ को३ घ्या. ‘दहाबारा’ला सप६ यत१ यी६ को३ (अकराबारा) किंवा सप६ लेङ४ को३. ‘नऊदहा’ जमतच नाही, कारण कउ२ सप६ म्हणजे नव्वद.

‘पाचदहा मिनिटं’ला फार सुरेख सोय आहे. घड्याळाच्या तबकडीवरचा एकेक आकडा म्हणजे एक ची६, पाच मिनिटं. ची६ चा मूळ अर्थ ‘अक्षर’. म्हणून यत१ ल्योङ५ को३ ची६ म्हणजे एकदोन अक्षरं, म्हणजे पाचदहा मिनिटं. साम१ को३ ची६ पंधरा मिनिटं. केइ२ को३ ची६ ऐकलंत तर दहा ते वीसपंचवीस मिनिटं धरा. अर्ध्या तासाला मात्र सहा ची६ म्हणत नाहीत, पुन३ को३ चुङ१ म्हणतात. नुसतं यत१ चन६ म्हणजे ‘थोड्या वेळाने’, त्याला माप नाही.

शेवटचं, ल्योङ५ हा नेहमी नेमका दोन नसतो. कोङ२ ल्योङ५ केउइ३ म्हणजे ‘दोन शब्द बोला’ आणि सिक६ ल्योङ५ ताम६ म्हणजे ‘दोन घास खा’. दोन्हींत दोन म्हणजे थोडे. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

लिंबूटिंबू

फारच कामाचं. सराव म्हणून चार वाक्यं बनवली आहेत, तपासाल का?

१. तक१ सप६ केइ२ को३ यन४: दहावर फक्त काही माणसं.
२. सेङ४ सप६ केइ२ को३ यन४: मालिकेत ऐकलं. यात ‘फक्त’ आहे का?
३. पेङ६ ती१ ला१: जरा स्वस्त करा.
४. पाककृतीत मिठापुढे सिउ२ हेउइ२ लिहिलंय. हा सिउ२ सिउ२ च ना?

मापटं

१ बरोबर. तक१ म्हणजे ‘फक्त’, तो आकड्याआधी येतो. शेवटी चा३ जोडलात तर आणखी नैसर्गिक, ‘एवढेच?’ अशी कुरबुर येते. चे१ जोडलात तर उलट ‘काही विशेष नाही हो’ असा सूर: साम१ मन१ चे१, तीन तर डॉलर. विक्रेत्याच्या तोंडी चे१ शोभतो, गिऱ्हाइकाच्या तोंडी चा३.

२ मध्ये ‘फक्त’च्या अगदी विरुद्ध. सेङ४ म्हणजे ‘चांगले, तब्बल’. आकडा तोच पण बोलणाऱ्याला तो जास्त वाटतोय. काही जण सिङ४ म्हणतात. सेङ४ को३ चुङ१ म्हणजे ‘चांगला तासभर’, वाट पाहून वैतागलेल्याचं वाक्य. त्यामुळे कमी प्रमाण सांगताना सेङ४ टाळा.

ओष्ठ्यतालव्य

३ मध्ये मी सुरुवातीला म्हटलं तेच झालं. पेङ६ म्हणजे आजारी. स्वस्तला फेङ४, प्ह असा हकार काढून. विक्रेता हसेल आणि समजून घेईल, कारण बाजारात आजाराची घासाघीस कोण करतो.

४: अर्थ तोच, पण सिउ२ हेउइ२ हा छापील शब्द. पाककृतीत मीठ, मिरपूड, तिळाचं तेल यांच्यापुढे तो दिसतो. चिमूटभर, चार थेंब असं समजा. त्याच्याच शेजारी सिक१ ल्योङ६ असेल तर ते ‘आवश्यकतेनुसार’, म्हणजे तळणाचं तेल, पाणी वगैरे. बोलताना दोन्ही पुस्तकी वाटतात. उलट ती१ हा बोलीतला शब्द औपचारिक छापील मजकुरात सहसा दिसत नाही. त्याचं अक्षर आहे, डावीकडे तोंडाची छोटी चौकट असलेलं, पण हाताने लिहिताना किंवा मेसेजमध्ये लोक सर्रास इंग्रजी डी टाकतात. चिनी अक्षरांच्या रांगेत एकटाच डी दिसला तर तो हाच, आणि वाचायचा तरीही ती१.